वाचण्यापुरती परवानगी

८ सप्टेंबर, सोमवार

वर्ग एकदाचा सुरू झाला.

विसर्जन होऊन दोन दिवस झाले तरी बेळगावातल्या वडगावच्या गल्लीत अजून गुलाल आहे. दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमाग चालतात, त्यामुळे शिकवताना ओरडावं लागलं. घसा बसलाय.

रक्तदाता मंडळाची वरची खोली मारुतीरावांनी दिली. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते हे मंडळ चालवतात. भाडं नको म्हणाले, मंडळाचा संगणक तेवढा सांभाळ. रक्तदात्यांची नावं, रक्तगट, फोन, सगळं त्यात आहे. मी त्यावर युनिक्सच्या घराण्यातली लिनक्स ही प्रणाली घातली, जुनीपुराणी यंत्रं गोळा करून त्यालाच जोडली. म्हणजे मुख्य संगणक एकच, आणि त्यात प्रत्येकाचं स्वतंत्र खातं. शिकायला याहून चांगलं काही नाही.

बघायला बरीच माणसं आली होती. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी रेघ बघून बहुतेक जण चहा पिऊन गेले. उरले तिघं. जयाबाई, पन्नाशीच्या आसपास, मंडळाच्या वतीनं दात्यांना फोन करतात. मंगल, बी.ए. झालेली, घरात दोन माग आणि सासर. आणि आदर्श, माग विकल्यापासून रिकामा असलेला तरुण.

तिघं तर तिघं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत माझा जुना सहकारी आहे. तो म्हणाला, युनिक्सचा पाया पक्का असलेली माणसं दे, सर्व्हरवर नजर ठेवायला घेतो. बेंगळुरात मी दहा-अकरा वर्षं हेच केलं. कंपनीनं माणसं कमी केली त्यात मी गेले, पण येत होतं ते काही गेलेलं नाही. वर्ष संपायच्या आत या तिघांना तयार करायचं. ठरलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज फायली. वर एक मूळ, त्याला फुटलेल्या डिरेक्टऱ्या, म्हणजे फायली ठेवायचे कप्पे, त्यांच्या पोटात आणखी डिरेक्टऱ्या. आपण कुठे आहोत, इथे काय काय आहे, तिकडे जायचं कसं, या तीन कमांड. मंगलला पटकन कळलं. म्हणाली, "म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीगत हाय मॅडम. दर वेळी विचारायचं, मी कुठं हाय."

जयाबाई एकेक अक्षर शोधत बसतात. इथे काय आहे ते दाखवणारी एलएस ही दोन अक्षरं लिहायला इतका वेळ लागला की शेवटी मीच त्यांच्यापुढचा कीबोर्ड ओढून लिहून दिलं. नाहीतर तास तिथंच संपला असता.

१७ सप्टेंबर, बुधवार

प्रोसेस शिकवताना मागांचा उपयोग झाला. म्हटलं, समोरच्या घरात साडीचा नमुना ठेवलाय, ती फाईल. माग सुरू करून तो विणायला घेतला की ती प्रोसेस. एकाच नमुन्यावर चार माग चालू शकतात, तशा एकाच प्रोग्रामच्या चार प्रोसेस.

जयाबाईंनी विचारलं, "मग माग बंद पडला तर नमुना जातो काय ओ?"

"नाही. नमुना जागेवरच असतो."

"मग ठीक हाय," म्हणाल्या, जणू त्यांच्या घरचाच माग बंद पडणार होता.

नंतर प्रत्येकाला एक रिकामी प्रोसेस सुरू करून तिचा नंबर शोधून ती मारायला, म्हणजे बंद करायला, लावली. आदर्शनं चुकून स्वतःचंच टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकीच, मारलं. पडदा गेला तसा खुर्चीतून उठून उभा राहिला. "मेलं मॅडम!" सगळे हसलो. मी लगेच त्याचं सगळं परत लावून दिलं. तो म्हणत होता, थांबा, मी बघतो. पण वेळ कुठे असतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस वर्ग नाही. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावात झालं. आज त्यांना खानापूरला आणून तिथून रिक्षानं गावी नेलं.

आई गेल्यापासून आप्पा एकटे राहायचे, मी परत आल्यापासून आम्ही दोघं. घरी आल्या आल्या चहाचा कप स्वतः घ्यायला गेले. मी हातातून घेतला, बशीत ओतून दिला.

"सौम्या, डोळ्याचं आपरेशन झालंय गं, हाताचं न्हाय," म्हणाले.

डोळ्यातलं औषध मीच घालते. दिवसातून चार वेळा. दुपारचं शेजारच्या नागुबाईंना सांगून ठेवलंय. आप्पांचं म्हणणं, मी घालतो. त्यांना जमायचं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

परवानग्या. हा भाग मला मनापासून आवडतो. प्रत्येक फाईलीला एक मालक, एक गट, आणि बाकीचे. प्रत्येकाला वाचायची, लिहायची, चालवायची परवानगी वेगवेगळी. फळ्यावर तीन खाने काढले.

मंगलनं तिन्ही खाने वहीत उतरवून घेतले. मग म्हणाली, "मालक, गट आणि इतर. मग बायको कुठल्या खान्यात येती मॅडम?"

जयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आदर्शही हसला. मंगल हसली नाही. वर्ग भरकटायला नको म्हणून मी पुढचं उदाहरण घेतलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

वाईट दिवस.

आदर्शला डिरेक्टरी पुसायची कमांड करायला सांगितली होती. त्यानं अक्षरांमधली एक मोकळी जागा चुकवली आणि सरावाची सगळी डिरेक्टरी गेली. त्याचीच होती, मंडळाच्या कशाला धक्का लागला नाही. पण मी ओरडलेच, "रक्तदात्यांची फाईल असती म्हणजे?" त्याच्या हातातून कीबोर्ड घेतला आणि बाकीचा तास तो नुसता बघत राहिला.

वर्ग सुटल्यावर सगळं आवळून टाकलं. दात्यांच्या फाईलीवर लिहायची परवानगी आता फक्त मला. गटाला वाचण्यापुरती ठेवली, तीही जयाबाई म्हणाल्या, "मला फोन लावाय लागतात मॅडम, वाचाय तरी असू दे की," म्हणून. एक स्क्रिप्टही लिहिली, सतत चालू राहणारी, जी ठरावीक वेळानं सगळ्याची नवी प्रत काढून ठेवेल. घाईत लिहिली, पण चालते. आता कुणी काही पुसो.

मुख्य पासवर्ड कुणाला द्यायचा प्रश्नच नाही. मारुतीराव म्हणाले, आणखी कुणाला तरी माहीत असावा. म्हटलं, मी आहे ना.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आदर्श आठवडाभर आला नाही. कुणाच्या तरी मागावर कामाला लागला असेल. दिवाळीच्या साड्यांची घाई आहे.

मंगलही एक दिवसाआड येते. जयाबाई मात्र रोज. आज त्यांची कमांड अडली तेव्हा मी हात पुढे केला, तर त्यांनी आपला हात अलगद कीबोर्डवर आडवा ठेवला. "मी करते की." मग खूप वेळ लावून केली. बरोबर आली, पण या वेगानं कंपनीत कोण घेणार.

मी थकणार नाही. पुढच्या आठवड्यापासून अर्धा तास जास्त घेईन.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी संपली तरी आदर्शचा पत्ता नाही, म्हणून घरी गेले. तो कामाला लागलेला नव्हता. ओट्यावर कुणाचा तरी जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, पडदा काळा. मला बघून झाकण मिटलं.

"का येत नाहीस?"

"येऊन काय करू मॅडम? टाइप तर तुमीच करताय. बघायचंच असंल तर मी मोबाइलवरबी बघू शकतो."

मला राग आला. इतक्या लांबून रोज येते, फुकट शिकवते, आणि हे ऐकायचं. म्हटलं, शिकायची इच्छा असेल तर ये.  त्याच्या आईनं चहा दिला, तो घेऊन निघाले.

परतीच्या गाडीत तेच डोक्यात. शिकायची इच्छा नसलेल्या माणसानं लॅपटॉप का मागून आणला असेल? व्हिडिओ बघत असेल.

३ नोव्हेंबर, सोमवार

आमचं भात कापणीला आलंय आणि रानडुकरांनी कडेचं सगळं लोळवलं. आप्पा म्हणतात, राखणीला जातो. मी नाही म्हटलं. डोळा अजून पुरता बरा नाही, आणि परवाच पलीकडच्या वाडीत एकाला अस्वल आडवं आलं. आप्पा म्हणाले, "अस्वलाला मी काय आजच बघतोय काय?" वाद नको म्हणून त्यांची बॅटरी आणि कोयता कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्याजवळ.

जेवताना ताट अर्धं ठेवून उठले. रुसले असतील. पण त्यांच्याच भल्याचं आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी वर्गात पोचते तोच नागुबाईंचा फोन. आप्पा घरात नाहीत, मागचं दार उघडं, हाका मारून झाल्या. मी जयाबाईंना एवढंच म्हणाले, "माझे वडील सापडत नाहीत," आणि तशीच निघाले. बस खानापूरपर्यंत, तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला किती वेळा 'चला हो' म्हटलं असेन. खानापूर सोडलं की फोनला रेंज नसते, त्यामुळे कुणाला विचारायचीही सोय नाही. डोळ्यासमोर काय काय येत होतं ते लिहवत नाही.

शेताच्या बांधावरून पळताना दोनदा पडले. आप्पा! आप्पा! करून ओरडत होते. उत्तर नाही. जंगलाच्या कडेला आमचा माळा आहे, राखणीसाठी चार खांबांवर बांधलेला. त्यावर आप्पा पाय सोडून बसले होते. डोळ्यावर दवाखान्याचा काळा चष्मा.

"अगं, असं वरडायला काय झालं? डुकरं पळाली की."

मी खाली बसले आणि रडले. कितीतरी वेळ. आप्पा हळूहळू उतरले, माझ्याशेजारी येऊन बसले.

"तुम्ही हरवलात असं वाटलं मला."

"मी हरवलो न्हवतो गं. मी हितंच बसलो हुतो. घरात बसून बसून जीव नकोसा झालाय. उजेडात आलो, जोतिबाला हाक मारून सांगून आलो." जोतिबा आमचा शेजारचा शेतकरी, पलीकडेच कापणी करत होता. त्यानं हात वर केला. मी त्याला बघितलंही नव्हतं.

"मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं असतं तर आलो असतो काय?"

 आप्पांबरोबर बसून राहिले. त्यांनी फडक्यातली भाकरी काढून अर्धी मला दिली. स्वतः थापली होती, एका बाजूनं करपलेली.

दुपार टळल्यावर त्यांना घरी सोडलं आणि वर्गातलं सामान तसंच उघडं टाकून आलेय म्हणून परत निघाले. खानापूर स्टेशनजवळ रेंज आली तशी फोन थरथरायला लागला. मारुतीरावांचे, मंगलचे, जयाबाईंचे, पुन्हा मारुतीरावांचे कॉल. मंगलचा निरोप: 'मॅडम लवकर फोन करा, संगणक चालेना, बाईला रक्त पाहिजे.'

 जयाबाईंना फोन लावला.

"वडील घावले काय?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"हो. तिकडे काय झालंय? मला पडद्यावर काय दिसतंय ते एकेक सांगा, मी..."

"काय न्हाय आता. रक्त मिळालं. तुमी वडिलांपाशी ऱ्हावा."

मी स्टेशनच्या बाकावर बसून राहिले. गाडी आली, गेली. नंतर उलटी फिरून घरी आले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तिघांच्या तोंडून सगळं ऐकलं. तिघांच्या, कारण आदर्शही होता.

मी गेल्यावर थोड्याच वेळात एक माणूस धावत जिना चढून आला. त्याच्या बहिणीला बोरगावहून बाळंतपणासाठी बेळगावात आणलेलं, फार रक्त गेलेलं, गट ओ निगेटिव्ह. दवाखान्यात होतं तेवढं दिलं, आणखी हवं होतं. मारुतीरावांनी संगणकावर दात्यांचा प्रोग्राम उघडला. उघडेना. पुन्हा पुन्हा तीच चूक येत राहिली. मला फोन, फोन लागेना. मारुतीराव डोकं धरून आठवतील ती नावं सांगायला लागले, त्यातला एक वारलेला निघाला.

मंगलनं आदर्शला बोलावलं. तो अनवाणीच आला.

"पयला डिस्क बघितली," मंगल सांगत होती. "शंभर टक्के भरलेली, प्रोग्रामला हलाय जागाच न्हाय. मग कोन भरतंय ते बघितलं. एक प्रोसेस सारखी चालू. नाव तुमचं."

माझंच. ती प्रती काढणारी स्क्रिप्ट. जुन्या प्रती पुसायचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. प्रतीवर प्रत, प्रतीवर प्रत. बेंगळुरात अशी चूक कुणी केली असती तर मी त्याला उभा जाळला असता.

आदर्श म्हणाला, "मी मारायला गेलो, तर म्हणतंय परवानगी न्हाय. तुमची प्रोसेस, तुमीच मारू शकताय. मग मी म्हटलं बटन बंद करून चालू करूया."

"मी हात धरला त्याचा," जयाबाई म्हणाल्या. "म्हटलं थांब रं, बंद केला आणि उठलाच न्हाय तर? ती बाई तिकडं पडलीय."

मग जयाबाईंनीच विचारलं होतं, माग बंद पडलाय, पण नमुना तर जागेवर असंल की? मंगलनं दात्यांच्या डिरेक्टरीत जाऊन बघितलं. फाईल होती. मालक मी. गटाच्या खान्यात एकच अक्षर, वाचायचं. तिघंही गटात. प्रोग्राम उघडायची गरजच नव्हती. मंगलनं विचारलं, फाईलीतल्या फक्त ओ निगेटिव्हच्या ओळी कशा काढायच्या? त्यासाठी लागणारं ग्रेप आम्ही वर्गात अजून घेतलं नव्हतं. आदर्शला येत होतं. त्यानं कमांड तोंडानं सांगितली, मंगलनं लिहिली. मी विचारलं, तू का नाही लिहिलीस? तर म्हणाला, "ती बसली हुती की कीबोर्डवर."

पडद्यावर नावं आली. जयाबाईंनी फोन लावायला सुरुवात केली. एकाचा बंद, एक गोव्यात, एकानं गेल्याच महिन्यात दिलेलं. मग रवळू म्हणून एक रिक्षावाला लागला. शाळेची पोरं घरी सोडून तसाच रिक्षा घेऊन दवाखान्यात गेला. संध्याकाळपर्यंत आणखी एक दाता मिळाला. बाई वाचली. मुलगी झालीय.

मी मुख्य पासवर्ड घालून स्क्रिप्ट मारली, प्रती पुसल्या. काही मिनिटांचं काम. ते करताना तिघं माझ्या मागे उभे होते. मारुतीराव एवढंच म्हणाले, "बाई, पासवर्डचं काय ते बघा आता."

चूक माझी, हे कबूल. पण रेंज असती तर मी फोनवरून मिनिटात सोडवलं असतं, हेही खरंच. मग तासभर मला वाटत राहिलं की रेंज नव्हती हे बरं झालं. असं का वाटावं, कळत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मंगलला आणि जयाबाईंना मुख्य खात्याचे अधिकार दिले. आदर्शलाही. देताना दोनदा थांबले. तिघांना सांगितलं, आधी वाचा, मग विचार करा, मग एंटर. मंगल म्हणाली, "तुमीबी मॅडम."

आप्पा औषध आता स्वतः घालतात. आरशासमोर मान वर करून. अर्धं गालावर ओघळतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते. एक थेंब आत गेला तरी पुरतो, असं डॉक्टर म्हणालेच होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्यमबागेत तिघांची मुलाखत. मी बाहेर थांबले, चहाच्या टपरीवर. आत कुणाला काय विचारलं असेल याच्या नुसत्या विचारानं तीन चहा झाले.

आदर्श आणि मंगलला जानेवारीपासून घेतलंय. जयाबाई आत जाऊन नम्रपणे सांगून आल्या, मला नोकरी नको, मी बघायला आले होते कसं विचारतात ते. पुढच्या वर्गाला सांगता येईल म्हणून.

मंगल स्कूटरवरून एकटीच आली आणि एकटीच गेली. घरून तिला सोडलं कसं, कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, "सांगून आले मॅडम." सासरची माणसं समजूतदार दिसतात.

१ डिसेंबर, सोमवार

नवा वर्ग. वडगावातली सात-आठ माणसं, सगळी शेवटपर्यंत बसली. आमचं भात कापून झालं, मळणी होती म्हणून मी दोन दिवस गावीच होते, आज गाडी उशिरा आली. पोचले तेव्हा जयाबाईंनी शिकवायला घेतलेलं होतं. मी मागच्या बाकावर बसले. एक मुलगी अडली तशी मी उठले, तर आदर्शनं नुसती मान हलवली. बसले परत. मुलीला वेळ लागला. जमलं तिला.

वर्ग सुटल्यावर मी माझ्या खात्यात शिरले, तर काहीतरी कमी वाटलं. गेल्या आठवड्यात मी संगणकावर नजर ठेवणारा एक छोटा प्रोग्राम चालू करून ठेवला होता. कोण काय कमांड देतंय ते टिपून ठेवणारा. कुणाला सांगितलं नव्हतं. तो बंद होता.

मंगल टेबलं पुसत होती. न वळताच म्हणाली, "तुमची एक प्रोसेस चालू ऱ्हायली हुती मॅडम. कशाला लागत न्हवती. तुमी गावाकडं हुता, फोन लागेना. मारली मी."

 माझ्याच नावाची प्रोसेस, दुसऱ्या कुणी मारलेली. आधी ती परत चालू करायला बोटं पुढे गेली. मग मी तिचं कारण शोधायला लागले, ती का हवी होती याचं. सापडेना.

"बरं केलंस," म्हटलं.

पुन्हा चालू केली नाही. खात्यातून बाहेर पडले, पिशवी उचलली आणि खिडक्या लावून घ्यायला मंगलला सांगणार होते. ती लावतच होती.